भिंत पाडू की राहू दे?

टाइल्सच्या शोरूममध्ये मांडून ठेवलेली बाथरूम कधी नीट बघितलीय? दहा बाय बाराची ऐसपैस खोली. कोपऱ्यात हिरवंगार झाड, खिडकीत सुगंधी मेणबत्त्या, पांढराशुभ्र टॉवेल एकदम इस्त्रीतून आल्यासारखा. आणि बादली? शोधून दाखवा! मग नाही, स्टूल नाही, पिंप नाही, दारामागे लटकलेला ओला पंचा नाही. तिथे कुणी अंघोळच करत नाही ना, म्हणून ती इतकी झक्कास दिसते.

आपली बाथरूम मात्र चार बाय सहा, फार तर चार बाय सात. तिच्यात अख्खं घर रोज सकाळी धुऊन निघतं. म्हणूनच रिनोव्हेशनचं मनावर घेतलं की आपण पहिली चूक करतो ती म्हणजे टाइल्सचा रंग निवडायला जातो. आयव्हरी की ग्रे, मॅट की ग्लॉसी, यावर तीन रविवार उडतात. आणि कमोड कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार, पाणी कुठे वाहून जाणार, हे कोण ठरवतं? प्लंबर. तेही पाच मिनिटांत, तंबाखू मळता मळता.

गेले दोन महिने आमच्या घरात हाच विषय चाललाय, म्हणून आज लेआउटवर बोलूया. रंग पुन्हा कधीतरी.

दोन दारं, एक बेसिन

आमचं घर डोंबिवलीत, 1986 च्या बिल्डिंगमध्ये. वन बीएचके. त्या काळच्या फ्लॅट्समध्ये असतो तोच प्लॅन: पॅसेजमध्ये दोन दारं शेजारी शेजारी. एक संडासचं, एक बाथरूमचं. बेसिन बाहेर पॅसेजमध्ये, वर आरसा, आरशाच्या फळीवर सगळ्यांचे ब्रश एका ग्लासात. संडास तीन बाय चार, भारतीय पद्धतीचा. बाथरूम पाच बाय चार. मध्ये साडेचार इंची विटांची भिंत. दोन्हींच्या वर माळा, माळ्यावर तीनशे लिटरची पाण्याची टाकी.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. तारीख मिळाली, आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "घरी कमोड आहे ना?" नव्हता. म्हणजे हे काही हौसेचं रिनोव्हेशन नाही. ऑपरेशननंतर आई वॉकर घेऊन घरी येणार, आणि त्या दिवशी तिला आपलं आपण आत जाता आलं पाहिजे. बस्स, एवढीच अट. डेडलाइन मात्र कडक!

कॉन्ट्रॅक्टर आला, त्याने दोन्ही दारं उघडून बघितली आणि एका दमात सांगितलं, "मधली भिंत उडवू. एकच मोठी बाथरूम. हल्ली सगळे तसंच करतात."

दादा उखडला. "आणि मला सकाळची फास्ट पकडायची असते त्याचं काय? आत कुणी बसलं असेल तर मी अंघोळ कुठे करू, गॅलरीत?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. जुन्या प्लॅनला आपण उगाच नावं ठेवतो. एकाच वेळी एक जण आत, एक जण अंघोळीला आणि एक जण ब्रश करतोय, असं तिघांचं काम तिथे सुखाने चालतं. भिंत पाडली की तिघांच्या जागी दोघं. बाहेरचं बेसिनही हौसेने आत घेतलंत, तर फक्त एक. फोटोत बाथरूम मोठी दिसते, पण रांग पॅसेजमध्ये लागते.

कोड काय म्हणतो?

मापं कुठून सुरू करायची, हे कळायला एक सरकारी आधार आहे: नॅशनल बिल्डिंग कोड. त्याच्या 2016 च्या आवृत्तीतली किमान मापं अशी: फक्त संडास असेल तर 1.1 चौरस मीटर, रुंदी 0.9 मीटर. फक्त बाथरूम असेल तर 1.8 चौरस मीटर, रुंदी 1.2 मीटर. दोन्ही एकत्र असतील तर 2.8 चौरस मीटर, रुंदी पुन्हा 1.2 मीटर. फुटांत सांगायचं तर अंदाजे बारा, साडेएकोणीस आणि तीस चौरस फूट.

आमची तीन बाय चार आणि पाच बाय चार ही जोडी म्हणजे काठावर पास. पण किमान माप म्हणजे धडधाकट माणसाचं माप. त्यात वॉकर धरलेला नाही.

आता हिशेब बघा. बैठा कमोड भिंतीपासून पुढे साधारण सत्तावीस इंच येतो. संडासची खोली चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. समोर उरले एकवीस इंच. तुम्ही-आम्ही त्यात मजेत वळतो. वॉकर घेतलेल्या माणसाला मात्र आत शिरून, अर्धी गिरकी घेऊन, मग बसायचं असतं. एकवीस इंचात वॉकर फिरतच नाही! रुंदीचा तसा प्रॉब्लेम नाही. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून किमान पंधरा इंच हवा, अठरा असेल तर छान. तीन फुटांत दोन्हीकडे बरोब्बर अठरा मिळतात. अडतं ते वळण्यापाशी.

म्हणजे भिंत ठेवली तर दादा खूश, आई अडकली. भिंत पाडली तर उलटं.

दारावरचा कागद

अशा वेळी घरात जे होतं तेच झालं. दोन दिवस चर्चा, तिसऱ्या दिवशी आवाज वाढले, चौथ्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे. मी करीन कसंतरी." हे वाक्य मराठी आयांनी पेटंट घेतल्यासारखं वापरलंय. ते ऐकलं की समजायचं, प्रकरण सिरियस आहे.

मग मी ऑफिसवाल्यांचा फंडा काढला: डेटा! दोन्ही दारांवर एकेक कागद चिकटवला, दोरीला पेन्सिल बांधली. आत जाताना वेळ लिहायची, बाहेर आल्यावर वेळ लिहायची. सात दिवस. बाबांनी "आता हेही लिहायचं का?" म्हणून नाक मुरडलं, पण सर्वात टापटीप नोंदी त्यांच्याच निघाल्या. रिटायर झालेला हेडक्लार्क, दुसरं काय!

आठवड्याचा निकाल: आई साडेपाचला उठून सव्वासहाला मोकळी. दादा पावणेसात ते सव्वासात. बाबा पेपर वाचून झाल्याशिवाय हलत नाहीत, म्हणजे साडेआठ. मी फ्रीलान्सर, मला काय, नऊ-साडेनऊ. सात दिवसांत दोन्ही दारं एकाच वेळी बंद होती ती फक्त तीनदा. तिन्ही मिळून पंचवीस मिनिटं.

आई कागद बघून म्हणाली, "ती भिंत आपल्यासाठी नाहीच. आजी होत्या, आत्या होती, तुम्ही दोघं शाळेत, तेव्हा सहा माणसं होती घरात. आता गर्दी आहे कुठे?"

दादा गप्प. मग म्हणाला, "बेसिन तरी बाहेरच ठेवा." मंजूर!

लेआउटची खरी सुरुवात इथे होते, असं माझं मत. घरात आज कोण राहतं, ते किती वाजता उठतं आणि पुढच्या दहा वर्षांत कुणाचे गुडघे दुखणार आहेत, हे आधी लिहून काढा. टाइल्सचा कॅटलॉग नंतर उघडा.

भिंतीच्या डोक्यावर काय आहे?

भिंत पाडायची म्हटलं की हातोडा लगेच उचलायचा नाही. आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंगमध्ये साडेचार इंची मधली भिंत सहसा फक्त आडोसा असते. लोड बेअरिंग बिल्डिंग असेल तर मात्र तीच भिंत वरच्या मजल्याचं वजन पेलत असू शकते. शिवाय आमच्यासारखा माळा वर असेल, तर तो कशावर टेकलाय हे बघावंच लागतं. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो! इंजिनिअरने येऊन बघितलं. माळ्याचा स्लॅब पॅसेजची भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यावर टेकलेला निघाला, मधल्या भिंतीवर नाही. तसं लेखी घेतलं, सोसायटीला अर्ज दिला, परवानगी आली, मगच पुढे.

आणि खालच्या मजल्याला विसरू नका. संडासबाथरूमच्या खाली कुणाचं किचन किंवा बेडरूम येऊ नये, यासाठी बांधकामाचे नियम आहेत. म्हणून बाथरूम बेडरूममध्ये दोन फूट सरकवायचा मोह आवरा. आहे त्या चौकटीतच खेळा. संडासमधून, सिंकमधून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार त्या सभासदाच्याच खर्चाने होते. खालच्या काकूंच्या छतावर ओल आली, तर बिल आणि टोमणे दोन्ही तुमच्याच नावावर!

हॉलमध्ये खडूने

भिंत जाणार हे ठरलं, पण आत काय कुठे? ग्राफ पेपरवर प्लॅन सगळेच काढतात. आम्ही तो हॉलच्या फरशीवर खडूने काढला, खऱ्या मापात. आठ फूट साडेचार इंच बाय चार फूट. कमोडच्या जागी हाताची खुर्ची, बादलीच्या जागी बादली, दाराच्या जागी बाबा. वॉकर शेजारच्या काकूंकडून मागून आणला.

आई वॉकर घेऊन "आत" गेली, वळली, बसली. आणि उठताना तिचा डावा हात आपोआप बाजूला गेला, भिंत शोधत. तिथे भिंत नव्हती, हवा होती. तो हात तसाच हवेत राहिला. कुणी काही बोललं नाही. मी फरशीपासून तिच्या हातापर्यंतची उंची टेपने मोजली आणि वहीत लिहिली. ग्रॅब बारची जागा आम्हाला कुठल्या पुस्तकाने दिली नाही, त्या हाताने दिली.

"बार-बिर नको गं. हॉस्पिटलसारखं दिसतं. मी काय म्हातारी झाले?" आई.

"बार कुठे? टॉवेल रॉड आहे तो."

"मग ठीक आहे."

इथे एक सिरियस सूचना. नाव काहीही द्या, पण वस्तू ग्रॅब बारच घ्या. साधा टॉवेल रॉड टॉवेलच पेलतो, माणसाचं वजन टाकलं तर स्क्रूसकट हातात येतो. बार पक्क्या विटांच्या भिंतीत, खोल अँकर मारून बसवायचा. टाइल लावायच्या आधीच गवंड्याला जागा दाखवून ठेवायची.

फायनल प्लॅन

तर शेवटी ठरलं ते असं. जुनी दोन्ही दारं बंद. एकच दार, दोन्हींच्या मधोमध. आत शिरलं की समोर सव्वादोन फुटांची मोकळी पट्टी, उभं राहायला आणि वळायला. डावीकडे तीन फुटांत कमोड, उजवीकडे तीन फुटांत अंघोळ. कोरडं एका टोकाला, ओलं दुसऱ्या टोकाला. अंघोळीचं पाणी कमोडकडे येतच नाही, म्हणजे रात्री उठलं तरी पाय ओल्या फरशीवर पडत नाही. काचेचं पार्टिशन रद्द: वॉकरला अडथळा, आणि बोअरच्या पाण्याचे डाग घासायचे कुणी? साधा पडदा. धुतला की झालं.

कमोड जुन्या जागीच, बाहेरच्या भिंतीला लागून. हा मुद्दा अधोरेखित करा. मैल्याचा पाइप चार इंची असतो आणि त्याला उतार लागतो. कमोड जितका लांब सरकवाल तितका तो उतार मिळवण्यासाठी फरशी वर उचलावी लागते. फरशी उचलली की दारात पायरी आली. पायरी आली की वॉकर अडला. नळ, शॉवर, बेसिन खुशाल हलवा, त्यांचे पाइप बारीक असतात. कमोडला सहसा हलवू नका.

दार बाहेर उघडणारं. हे ऐकून गवंडी हसला, "बाथरूमचं दार आतच उघडतं, मॅडम." उघडतं, मान्य! पण आत कुणी घसरून दारापाशीच पडलं, तर त्याच्याच वजनाने दार अडतं आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार असलं की हा प्रश्न मिटला. कडीसुद्धा बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. दाराची रुंदी चौकटीच्या आत अडीच फूट. जुन्या दारांची चौकटीसकट सव्वादोन असते, वॉकर तिथे खरचटतो. उंबरठा जवळपास शून्य.

नळाची तोटी फरशीपासून दीड फुटाच्या वर, खाली भरलेली बादली सहज सरकली पाहिजे. शॉवरचा कॉक स्टुलावर बसून हाताला येईल एवढ्याच उंचीवर, सोबत हँड शॉवर. मला तो छताएवढा रेन शॉवर फार आवडला होता, पण आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर. टाकी दहा फूट वर असेल तर पाण्याचा दाब मिळतो जेमतेम 0.3 बार. एवढ्यात रेन शॉवरमधून रेन नाही, दवबिंदू पडतात! पंप लावायचा की बादली भरायची? बाबांचं मत तुम्हाला माहीतच आहे.

जे दिसत नाही ते

टाइल्सच्या मागे जे जातं, त्यावर पैसे आधी खर्च करा. जुने गंजलेले जीआय पाइप काढून गरम पाण्याला सीपीव्हीसी. पाइप झाकायच्या आधी प्रेशर टेस्ट, आणि भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो. उद्या ड्रिल मारताना तो फोटो लाखमोलाचा. मग वॉटरप्रूफिंग, आणि त्यानंतर फरशीवर पाणी भरून किमान चोवीस, जमल्यास अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, "गरज नाही, गॅरंटी आहे." गॅरंटी त्याला पाळू दे, आपण पाणी भरायचं.

उतार दर फुटाला एक ते दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंड्याला बरोब्बर कळतं. कमी झाला तर पाणी साचतं, जास्त झाला तर पाय घसरतो. फरशीच्या टाइल्स एक बाय एक फुटाच्या किंवा त्याहून लहान, अँटीस्किड. लहान टाइल्सना सांधे जास्त, म्हणून पकड जास्त, आणि उतारही नीट बसतो. सगळा उतार अंघोळीच्या कोपऱ्याकडे, तिथे ट्रॅप. प्लंबर लोक त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली मोरीतली न्हाणीच ती, इंग्रजी कॅटलॉगमध्ये जाऊन बसलीय.

गीझर इलेक्ट्रिक, पंधरा लिटरचा. दोन किलोवॉटचा असेल तर पाणी तापायला वीसेक मिनिटं. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, बटण बाहेर पॅसेजमध्ये, आणि मेन बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवायचाच नाही. त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, माणूस आत बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून चालेल, असं कुणी सांगितलं तरी नाही.

निघण्याआधी पाच मापं

शोरूममध्ये जाण्याआधी ही पाच मापं खिशात ठेवा:

1. टाइल ते टाइल आतली लांबी-रुंदी. विटेपासून मोजू नका, प्लॅस्टर आणि टाइल दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच खातात.
2. मागच्या भिंतीपासून मैल्याच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर. कमोड यावरच घ्यायचा, नाहीतर तो बसतच नाही.
3. दाराची चौकटीच्या आतली रुंदी.
4. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला सहज उठता येईल अशा खुर्चीची उंची. सीट तेवढी उंच हवी.
5. वरच्या टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतची उंची.

आमच्याकडे काम परवा सुरू झालं. पंधरा दिवस शेजारच्या काकूंच्या घराची चावी आमच्याकडे, आणि त्यांच्या बाथरूमच्या दारावर बाबांनी टाइमटेबल लावलंय. काकू म्हणतात, आता कायमचं राहू दे. भिंत अर्ध्या तासात गेली. आई काल रात्री ढिगाऱ्याच्या अलीकडे उभी राहून बराच वेळ आत बघत होती. मग म्हणाली, "टॉवेल रॉड दोन लाव. एक माझा, एक तुझ्या बाबांचा. ते बोलणार नाहीत कधी."

गवंड्याला सकाळीच दुसरी खूण दाखवली.